वर्डस्वर्थच्या ‘नटिंग’मधला अपराधभाव नेमका कोणाचा?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. सध्या वर्गात इंग्रजी कवी वर्डस्वर्थची ‘नटिंग’ (कवचफळे गोळा करणे) ही कविता चालू आहे. १७९८च्या अखेरीस जर्मनीतील गोस्लार येथे लिहिलेली ही कविता १८०० साली प्रसिद्ध झाली. एक मुलगा जुने कपडे घालून, आकडी घेऊन हेझलच्या झाडाची कवचफळे काढायला रानात जातो, कोणाचाही पाय न लागलेली एक जागा त्याला सापडते, बराच वेळ तो नुसता तिथल्या फुलांशी खेळत बसतो आणि मग एकाएकी उठून फांद्या ओढून, मोडून ती सारी जागा उद्ध्वस्त करतो. कवीने त्या जागेला ‘कुमारी’ म्हटले आहे, त्यामुळे हे स्त्रीदेहावरील आक्रमणाचे रूपक आहे असे काही विद्यार्थी ठामपणे म्हणतात. काहींच्या मते ही निव्वळ बालपणीची आठवण आहे. मराठीत समजावून सांगताना मी त्या जागेसाठी ‘कुंज’ हा शब्द वापरला, पण तो मला खटकत राहिला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीची वाचक

सर, ‘कुंज’ खटकतो याचे कारण आपल्या परंपरेतच आहे. राधाकृष्णाच्या काव्यात कुंज ही मीलनाची जागा आहे, तिथे ओढ असते, विरह असतो, रुसवा असतो, परंतु जागेचा विध्वंस करून मिळवायचे असे काही नसते. तो शब्द आला की कामना आधीच पावन होऊन येते आणि कवितेतील हिंसा वाचकाच्या नजरेतून निसटते. त्याऐवजी आपल्याकडची ‘जाळी’ चालेल का, असा विचार मी केला. जांबोटीच्या रानात करवंदाच्या जाळीत हात घातला की ओरखडे उठतात, म्हणजे हावरेपणाची किंमत तिथल्या तिथे मोजावी लागते. हेझलला काटे नसतात. मुलाचे जुने कपडे वाटेवरच्या काट्याकुट्यांसाठी आहेत. ज्या झाडांपाशी त्याला पोहोचायचे आहे, ती मात्र स्वतःचा बचाव करू शकत नाहीत. मला ही गोष्ट ‘कुमारी’ या एका विशेषणापेक्षाही अधिक बोलकी वाटते.

रूपकाबद्दल म्हणायचे तर, ते विद्यार्थ्यांनी बाहेरून आणलेले नाही. हाताशी असलेले सुख लांबवत बसणे, कोणी प्रतिस्पर्धी नाही याची खात्री असणे, हे सारे कामनेच्याच भाषेत लिहिलेले आहे. मात्र तेवढे सिद्ध करून थांबल्यास कवितेचा शेवट हाती लागत नाही.

चोर्ल्याचा वाटसरू

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कवीची एक कबुली, जिच्यावरून वर्गात बहुधा घाईने पुढे जातो. आजच्या भावना मी तेव्हाच्या भावनांत मिसळत नसेन तर, अशी अट घालूनच तो वेदनेबद्दल सांगतो. मुलगा परतताना राजांच्या संपत्तीहूनही अधिक श्रीमंत झाल्याच्या उन्मादात आहे, आणि मूक झाडे व आत घुसलेले आकाश पाहून त्याला वेदना झाली असे सांगणारा प्रौढ कवी आहे. म्हणजे अपराधभाव कदाचित त्या दुपारचा नसून स्मरणाचा आहे. आणखी एक पाहा: रानात घुसला तो मुलगा, पण घुसखोर हे विशेषण मिळाले आकाशाला! ‘प्रील्यूड’ या वर्डस्वर्थच्याच आत्मचरित्रपर दीर्घकाव्यातल्या होडी चोरण्याच्या प्रसंगात डोंगर मुलाच्या मागे चालत येतो, त्याला भिववतो. इथे कोणीच मागे येत नाही. झाडे गप्प आहेत, म्हणून दोष देण्याचे काम कवीला स्वतःलाच करावे लागते.

‘वनात एक चैतन्य आहे’ या अखेरच्या ओळीला देवराईची उपमा देण्याचा मोह आपल्या भागात होणारच. पण देवराईत निषेध आधी असतो, फांदी तोडायची नाही हे लहानपणापासून माहीत असते. या मुलाला ते चैतन्य फांद्या मोडल्यावर कळते.

टिळकवाडीची वाचक

आपला स्मरणाचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि त्यामुळेच शेवट अधिक अस्वस्थ करतो. मोडतोड केली मुलाने, हळुवार हाताने स्पर्श कर असा उपदेश मात्र एका तरुणीला केला जातो. कवीने स्वतः न छापलेल्या एका मसुद्यात ती स्वतःच फांद्या मोडते आणि तो आवाज ऐकून कवी तिला थांबवतो. छापील कवितेत तिचा तो दांडगेपणा उरला नाही, ताकीद तेवढी उरली. कामना त्याची, पश्चात्ताप त्याचा आणि संयम तिने पाळायचा, ही वाटणी वर्गातील मुलींना दाखवून द्यावी असे मला मनापासून वाटते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मॅडम, सर, आपला दोघांचाही आभारी आहे. उद्याच्या तासाला ‘कुंज’ काढून ‘जाळी’ म्हणेन, पण तिला काटे नाहीत हे आधी सांगेन. त्यानंतर त्या अटीच्या ओळीपाशी थांबून, ही वेदना कोणत्या वयाच्या माणसाची आहे, असे विद्यार्थ्यांनाच विचारेन.