मदत हवी आहे : भिंतीला ओल, आपोआप भरणारी फ्लशची टाकी आणि ठिबकणारा नळ. यातलं स्वतः काय करू, प्लंबर कशासाठी बोलावू?

नमस्कार मंडळी,

घरात मी आणि आई दोघीच. आईचे गुडघे दुखतात, तिला एकच न्हाणीघर सोयीचं आहे, त्यामुळे तिथं काही बिघडलं की माझा जीव खालीवर होतो. सध्या पाण्याच्या तीन गोष्टी एकदम बिघडल्या आहेत.

पहिली म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. कितीही आवळला तरी तोंडातून ठिबकतो. फिरवत फिरवत बंद करायचा जुन्या पद्धतीचा नाही, पाव फेऱ्यात बंद होणारा आहे. काल खाली पेला ठेवून घड्याळ लावलं. २०० मिलिलिटरचा पेला ५० मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला पावणेसहा लिटर पाणी वाया. हिशोब केला आणि रात्रभर तो आवाज कानात राहिला.

दुसरी, कमोडची टाकी. कुणी वापरलेली नसताना मध्येच भरायला लागते, दहा-पंधरा सेकंद आवाज येतो आणि थांबते. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच.

तिसरीमुळेच खरं तर हा धागा काढला. शॉवरची भिंत आणि आईच्या खोलीची भिंत एकच आहे. खोलीच्या बाजूने गुडघ्याच्या उंचीवर ओल आली आहे. आधी तळहाताएवढी होती, महिन्याभरात वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढी झाली. रंगाचे पोपडे सुटलेत, आतली पुट्टी बोट लावलं की पिठासारखी निघते. आईचा पलंग त्या भिंतीपासून सरकवलाय.

एक प्लंबर येऊन गेले. दोन मिनिटं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "आतली लाइन गेलीय, टाइल्स फोडाव्या लागतील." कुठे गळतंय हे कशावरून, असं विचारलं तर "इतकी वर्षं हेच करतोय" एवढंच उत्तर. ते चुकीचं सांगताहेत असं माझं म्हणणं नाही. पण एकदा फोडाफोडी झाली की आठ दिवस न्हाणीघर बंद, आणि गळती तिथे सापडलीच नाही तर?

फोडायच्या आधी मला घरच्या घरी काय तपासता येईल? आणि नळ-टाकीला हात घालू की तेही प्लंबरवरच सोडू? माझ्याकडे एक पान्हा, स्क्रू ड्रायव्हर आणि टेफ्लॉन टेप एवढंच सामान आहे.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः प्लंबिंगचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. टाइल्स फोडू देऊ नका. निदान अजून तरी नाही.

भिंतीतली ओल तीन ठिकाणांहून येऊ शकते. एक, नळांना पाणी आणणारी दाबाची लाइन. दोन, सांडपाण्याची लाइन किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालचा भाग. तीन, टाइल्सच्या सांध्यांतून आणि नळाच्या मागच्या भोकातून झिरपणारं आंघोळीचं पाणी. तिन्हींची ओल दिसायला सारखीच, पण वागणूक वेगळी. दाबाची लाइन चोवीस तास गळते, तुम्ही न्हाणीघर वापरा की न वापरा. बाकीच्या दोन्ही वापरल्यावरच ओल वाढवतात. हा फरक पकडला की अर्धं काम झालं.

आज ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. मग रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, लाल आकड्यांसकट. मीटर फक्त तुमच्या घराचा असला पाहिजे आणि पाणी त्यातून थेट नळांना येत असलं पाहिजे. मध्ये साठवणीची टाकी असेल तर मीटर टाकीत भरणारं पाणी मोजेल, या परीक्षेचा उपयोग नाही. सकाळी पाणी वापरण्याआधी आकडा बघा. बऱ्याच मीटरमध्ये काचेखाली एक बारीक चक्र असतं, अगदी थोडं पाणी गेलं तरी ते फिरतं. त्यावरही लक्ष ठेवा.

नळाचं काम तुम्ही करू शकता. तुमच्या नळात रबरी वायसर नाही, सिरॅमिकच्या चकत्यांचा स्पिंडल असतो, म्हणजे मुठीखालचा, पाणी उघड-बंद करणारा भाग. आधी सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी तोडणारी छोटी तोटी, बंद करा आणि नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, बारीक स्क्रू हटकून तिथेच जातो. मूठ काढा, पान्ह्याने स्पिंडल सोडवा आणि तोच नमुना घेऊन दुकानात जा. वरचे दाते कमी-जास्त असतात आणि काही स्पिंडल उजवीकडे बंद होतात, काही डावीकडे, त्यामुळे अंदाजाने आणलेला बसत नाही. एक मात्र सांभाळा, नळाचा पूर्ण सांगाडा भिंतीतून फिरवून काढायला जाऊ नका. जुनी लोखंडी लाइन आतून गंजलेली असते. आटे धरून बसलेले असले तर जोर लावल्यावर नळ निघत नाही, भिंतीतला तुकडा तुटतो. ते काम आमचं.

प्रतिसाद २

टाकीबद्दल माझा अनुभव. झाकण उचलून बघा. मध्ये उभी नळी असते, पाणी तिच्या तोंडापर्यंत येऊन आत सांडत असेल तर भरणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) थोडा खाली घ्या. पाणी नळीच्या तोंडाखाली असूनही टाकी मध्येच भरत असेल तर तळाचं रबर धरत नाहीये. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला की खात्री झाली. आमच्याकडे रबराखाली क्षाराचा खडबडीत थर बसला होता, तो घासून काढल्यावर टाकी थांबली. रबर कडक झालेलं असेल तर बदलावंच लागतं.

प्रतिसाद ३

थोडं विषयाबाहेरचं, पण काळजीपोटी लिहिते. ओलीच्या आसपास स्विच किंवा सॉकेट आहे का? असेल तर त्या खोलीची वीज मेन बोर्डावरून बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गीझर लगेच बंद करायचा, "थोडंसंच आहे" म्हणून वापरत राहायचं नाही. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन थेंब येतात, पाणी तापलं की प्रसरण पावतं म्हणून. पण तो सतत गळत असेल तर बूच मारून बंद करू नका, दाब जायला तीच वाट असते. तिथे जाणकार माणूसच हवा.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सॉकेट समोरच्या भिंतीला आहे, ओलीपासून लांब. आईने तेच आधी विचारलं होतं.

नळ झाला! स्पिंडल काढायला पाऊण तास लागला, मूठ क्षाराने घट्ट बसली होती. नवा बसवून खाली कोरडा कागद ठेवला, सकाळपर्यंत कोरडाच. रंगाची परीक्षाही केली. दहाव्या मिनिटालाच कमोडमध्ये निळी रेघ उतरली, म्हणजे तळाचं रबर. ते उद्या आणते.

पण मीटरने घाबरवलंय. पाणी मीटरमधून थेट नळांना येतं आणि मीटर फक्त आमचाच आहे. रात्री अकराला सगळे नळ बंद केले, सकाळी सहाला बघितलं तर आकडा ३४ लिटरने पुढे. म्हणजे लाइनच फुटली आहे ना? फोडावंच लागणार का?

प्रतिसाद १

ताई, थांबा. टाकीचा अँगल कॉक बंद केला होता का? तुमची टाकी रात्रभर गळतेय आणि मीटरमधून पाणी घेऊन भरतेय. सात तासांत ३४ लिटर ती एकटी सहज खाईल. तो कॉक बंद करून परीक्षा पुन्हा करा. या एका चुकीपायी फुकट फोडलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत.

आकडा जागचा हलला नाही तर दाबाची लाइन ठीक आहे असं धरायला हरकत नाही. गरम पाण्याचीसुद्धा, कारण गीझरला पाणी याच मीटरमधून जातं. मग पुढचं. दोन दिवस त्या न्हाणीघरात आंघोळ करू नका, भिंत थोडी सुकू द्या. तिसऱ्या दिवशी फक्त नहाणीच्या जाळीत बादलीने पाणी ओता, भिंतीवर शिंतोडा जाऊ न देता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा. ओल वाढली तर सांडपाण्याची बाजू. नाही वाढली तर शॉवरचं पाणी दहा मिनिटं थेट टाइल्सवर आणि नळाच्या मुळाशी मारा आणि पुन्हा रेघ बघा. दोन्ही परीक्षा एकाच दिवशी करू नका, मग कशामुळे वाढली ते कळत नाही.

प्रतिसाद ४

धागा उपयोगी आहे म्हणून तुंबण्याबद्दल भर घालतो. एकच सिंक तुंबलं असेल तर खाली बादली ठेवून बाटलीसारखा ट्रॅप हाताने उघडता येतो, बहुतेक वेळा घाण तिथेच असते. पण सिंकमध्ये पाणी सोडल्यावर न्हाणीतून बुडबुडे येत असतील, किंवा दोन-तीन ठिकाणी एकदम तुंबत असेल, तर अडथळा पुढच्या मोठ्या लाइनमध्ये आहे. तिथे घरचा पंप मारत बसू नका. आणि नळी मोकळी करायची पावडर ओतली असेल तर ट्रॅप उघडू नका. मी उघडला, आतलं पाणी मनगटावर आलं, डाग अजून आहे. प्लंबर आले तर पावडर ओतल्याचं त्यांना दारातच सांगा. एका रसायनाने काम झालं नाही म्हणून दुसरं कधीच ओतू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मूळ धागाकर्ती

बारा दिवसांनी लिहितेय, एकेक परीक्षा सवडीने केली.

टाकीचा कॉक बंद करून दोन रात्री मीटर बघितला. दोन्ही वेळा आकडा जिथल्या तिथे, चक्रही स्तब्ध. टाकीचं रबर बदललं, आता रात्री आवाज नाही. दोन दिवस आम्ही शेजारी आंघोळ केली. जाळीत तीन बादल्या ओतल्या, पेन्सिलची रेघ तशीच राहिली. मग शॉवर नळाच्या मुळाशी मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल रेघेच्या बाहेर दोन बोटं आली होती.

नळाच्या मागची गोल चकती हाताने ओढली तर ती सैल होती. मागे भोकाभोवती करंगळी जाईल एवढी फट, आतलं सिमेंट काळं पडलेलं आणि ओलं. आंघोळीचं पाणी इतके दिवस तिथून भिंतीत जात होतं.

आता प्रश्न असा की मी तिथे लगेच सिलिकॉन भरू का?

प्रतिसाद १

लगेच नको. ओल्या जागेवर सिलिकॉन धरत नाही आणि आतलं पाणी आतच कोंडतं. चकती पुढे ओढून ठेवा, आठवडाभर तरी फट उघडी राहू द्या, पंखा लावता आला तर उत्तम. कोरडं झाल्यावर फट सिमेंटने बुजवा, ते वाळलं की चकतीच्या कडेने सिलिकॉन. खालच्या बाजूला बोटभर जागा सोडा, उद्या कधी पाणी आत गेलंच तर बाहेर दिसेल. टाइल्सचे सांधेही एकदा बोटाने तपासा, जिथे ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला) भुगा होऊन निघतं तिथे खरवडून नवं भरा. हे सगळं तुमच्या हातून होईल.

खोलीकडचा रंग मात्र आत्ता काढायला घेऊ नका. भिंत आतून सुकायला आठवडे लागतात. रेघ ठेवाच. सांधे भरल्यावरही ओल रेघ ओलांडून पुढे आली, तर मग प्लंबर बोलवा आणि या सगळ्या परीक्षांचे निकाल तारखांसह त्यांच्या हातात द्या. जो ते वाचून प्रश्न विचारेल त्यालाच काम द्या.

मूळ धागाकर्ती

तसंच करते. वहीत सगळं तारखेनिशी लिहिलंय. आईने आज रेघेच्या आत हात ठेवून बघितला, म्हणाली कालच्यापेक्षा गार कमी लागतंय. सिलिकॉन भरून झालं की इथेच कळवेन.