स्ट्रीट फायटर ६ मधला झांगीफ: खरी कमजोरी कोणती?

चौकटराजा
स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेममधला पैलवान झांगीफ लांबून फायरबॉल (ऊर्जेचे गोळे) फेकणाऱ्यांसमोर अडकतो म्हणून कमकुवत, हे मत मला साफ नामंजूर आहे. आधी आकडे बघा. बहुतेक पात्रांची हेल्थ १०,००० आणि झांगीफच्या लाइट (हलक्या बटणाच्या) स्क्रू पाइलड्रायव्हरचं, म्हणजे उचलून आपटायच्या खास पकडीचं, डॅमेज २५००. चार वेळा पकडलं की राउंड संपला, कॉम्बोची (सलग फटक्यांची) गरजच नाही. ही पकड साध्या थ्रोसारखी सोडवताही येत नाही. स्टार्टअप (सुरू झाल्यापासून लागेपर्यंतचा वेळ) ५ फ्रेमचा; सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. बघून वाचता येत नाही, आधीच ओळखावं लागतं.
त्याचं खरं दुखणं ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चाली आणि बचावावर खर्च होणारी सहा पट्ट्यांची ऊर्जा. चाल संथ, म्हणून अंतर कापायला ड्राइव्ह रशवर (झपकन पुढे धावण्यावर) पट्टी जाते, आणि वाटेत जे जे ब्लॉक करावं लागतं त्यानेही गेज उतरतो. सहाही पट्ट्या संपल्या की बर्नआउट: पॅरी (वेळेवर फटका झेलणं) बंद, ड्राइव्ह इम्पॅक्ट (जोरदार धडक) बंद, वर प्रत्येक ब्लॉकवर समोरच्याला ४ फ्रेमचा जादा फायदा.

लांबहात
तुम्ही परिणामाला कारण म्हणताय. गेज का उतरतो? अंतर कापता येत नाही म्हणून. लांबून लढणाऱ्या जेपी या पात्राचंच घ्या: जमिनीतून निघणारा काटा कुठे येणार हे तो बटणावर ठरवतो, त्यामुळे झांगीफला चार पावलं सलग टाकता येत नाहीत. आणि झांगीफची हेल्थ ११,००० आहे, त्याचंही कौतुक नको. जादाचे १००० म्हणजे एका साध्या थ्रोएवढेही नाहीत, तो १२०० चा असतो.

चौकटराजा
ब्लॉक करत बसलात तर उतरणारच. पॅरी करा. बटण दाबून धरू नका, नुसतं धरल्याने गेज गळतो. फायरबॉल अंगाशी आला की दाबा, लागला की सोडा, दोन पावलं पुढे. पॅरी यशस्वी झाली की गेज परत मिळतो. पॅरीला धोका थ्रोचा, पण पडद्याच्या टोकावर उभा राहून फायरबॉल फेकणारा गाइल (दुसरं एक पात्र) थ्रो कुठून करणार?

लांबहात
टोकावर उभा राहील तेव्हा ना! लाइट सोनिक बूम (गाइलचा फायरबॉल) हळू जातो आणि गाइल त्याच्या मागोमाग चालत येतो. तुम्ही पॅरीत असताना थ्रो लागला की पनिश काउंटर (चुकीची जादा शिक्षा), १२०० चे थेट २०४०. हा एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूने: तेवढ्या जवळ येणारा गाइल पकडीच्या टप्प्यातही येतो.

उडीबहाद्दर
पोचायचं कसं यावर एवढा खल, पण पोचल्यावर काय? तिथेच जास्त सामने हातचे जातात. पंच ब्लॉक करवून लगेच ३६० (स्टिक गोल फिरवून करायची पकड) फिरवायची सवय घातक आहे. समोरच्याने नुसतं वर दाबून धरलं तरी पुरतं, कारण उडी सुरू होतानाच्या फ्रेममध्ये त्याला पकडता येत नाही. पकड हुकली की झांगीफ हवेत हात मारून उभा, आणि वरून उतरणारा पूर्ण कॉम्बो वसूल करतो.
म्हणून आधी एक-दोनदा पंचानंतर पुन्हा पंचच मारा. उडी सुरू होत असताना मार लागतो. उडीची भीती बसली की मग पकड. सरावासाठी ट्रेनिंग मोडमध्ये डमीचे तीन स्लॉट रेकॉर्ड करा: ब्लॉक करून सरळ उडी, ब्लॉक करून ४ फ्रेमचा जॅब (झटपट हलका पंच), ब्लॉक करून नुसतं बसणं. तिन्ही रँडम लावा. बसलेला दिसला तरच पकडायचं, असं करू नका. ५ फ्रेमच्या पकडीला दिसण्याची वाट बघून चालत नाही, ठरवूनच फिरवायची.

लांबहात
मग हा नुसता अंदाजाचा खेळ झाला, आणि अंदाज चुकला की शिक्षा झांगीफलाच मोठी.

उडीबहाद्दर
मैदानाच्या मध्यावर, हो. कोपऱ्यात नाही. तिथे मागे उडी मारली तरी माणूस तिथेच उतरतो, म्हणजे पकड सोडून पंच मारलेला असेल तर झांगीफचा ताबा सुटत नाही. समोरचा बर्नआउटमध्ये असेल तर ड्राइव्ह इम्पॅक्ट टाका. ब्लॉक केला तरी भिंतीवर आदळून तो स्टन होतो. तोवर आपल्याकडे पट्टी शिल्लक पाहिजे, एवढंच. तिथे चौकटराजांचं गणित मला पटतं.