गावाकडचे पळायचे रस्ते : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठचा

काल भाच्याचा फोन आला. पोलीस भरतीचं मैदान जवळ आलंय, पहाटे मेणवली रोडला पळतोय म्हणाला. मागून ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येत होतं आणि मला एकदम आमचे दिवस आठवले.

आम्ही चुलत भावंडं वाईहून मेणवलीकडे पळायचो. काका एम-एटीवर मागे. हेडलाइट आमच्या पाठीवर, त्यामुळे पुढे रस्त्यावर आमच्याच लांबड्या सावल्या. एचएमटीच्या घड्याळाचा पट्टा तुटलेला, म्हणून ते मुठीत धरलेलं. भरतीचे सोळाशे मीटर कुठल्या बाभळीपासून कुठल्या मोरीपर्यंत, हे काकांनी गाडीच्या आकड्यावर मोजून ठरवलेलं. मोरीवर पोचलो की वेळ कधी सांगायचे नाहीत, "बरं चाललंय" एवढंच. खरी वेळ घरी काकूला सांगायचे, तिच्याकडून आम्हाला कळायची.

भरतीत भाऊ लागला, मी नाही. पळायची सवय मात्र सुटली नाही. आता गावी गेलो की तोच रस्ता पुढे धोमपर्यंत करतो. चढ नावाला, कृष्णा कधी दिसते कधी उसाआड जाते, समोर डोंगर. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवायच्या काहिली लागलेल्या असतात, त्या वासाने अर्धा दम तिथेच जातो. धोमला नृसिंहाच्या देवळात कासवावर बसलेला नंदी आहे, भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. तिथे बूट काढून दहा मिनिटं बसायचं आणि परत.

तुमचे असे रस्ते लिहा. शहरातले नकोत, ट्रेडमिलवाल्यांनी वाचनमात्र राहावे. कुठे, कधी जावं, आणि मुख्य म्हणजे कुत्री किती.

घंटानाद

मेणवली म्हणजे घाटावरची ती वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा आणि नाना फडणवीसांचा वाडा. आम्ही गाडीने गेलो होतो, पळत कुणी जात असेल असं वाटलं नव्हतं.

यवतेश्वरी

साताऱ्याचं कुणी आधी लिहिलं नाही म्हणजे कमाल आहे. यवतेश्वरचा घाट! हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून ह्याच रस्त्यावर होते. शहरातून घाट चढून कास रोडला जायचं आणि वळून परत. बाहेरचे लोक चढाला घाबरतात, खरी वाट लागते उतरताना. मांड्या दोन दिवस जिना उतरू देत नाहीत.

स्पर्धा सोडून जायचं तर जुलैतला मधला वार. धुकं इतकं की पुढच्याचा फक्त श्वास ऐकू येतो. फुलांच्या दिवसांत (ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात) शनिवार-रविवार चुकूनही नको. कास जागतिक वारसा यादीत आल्यापासून गाड्यांची रांग घाटापासूनच लागते आणि प्रत्येक गाडीतून एक हात मोबाईल घेऊन बाहेर. फुलांपेक्षा आपलेच फोटो जास्त निघतात.

झब्बू

आमच्या गावात पळालं की पहिला प्रश्न "कोण गेलं?" दुसरा "गाडी कुठं बंद पडली?" एकदा एक दादा थांबून म्हणाले बस मागं, सोडतो. नको म्हटलं तर वाईट वाटलं त्यांना. शेवटी बसलो. घड्याळात तो किलोमीटर दोन मिनिटांत झाला, ॲपने अभिनंदन केलं 😂

कालव्याकाठी

@झब्बू हसून हसून पुरेवाट. पण बायकांचं ऐका आता. मी फलटणकडची, सासरही तिकडेच. नीरा उजव्या कालव्याच्या कडेने गाडीवाट आहे, सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस नाहीतर मका. पळायला ह्याहून सोयीची जागा नाही. सुरुवातीला पंजाबी ड्रेस, वर ओढणी घट्ट बांधून. स्टँडवरच्या आजीबाई रोज विचारायच्या, "आगं, मागं काय लागलंय तुज्या?" सासूबाईंनी मस्त उत्तर शोधलं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं. डॉक्टर म्हटलं की गाव गप्प. नंतर जाऊबाई यायला लागल्या, मग शेजारच्या दोन मुली, त्या भरतीच्या. मुलींना आठशे मीटर असतं. त्यांच्यापुढे आम्ही दोघी म्हणजे वरातीच्या मागची मंडळी. एक मुलगी आता वर्दीत आहे, गावात आली की मला 'काकी, चला' म्हणून उठवायला येते. आता मीच डॉक्टरांचं कारण सांगून झोपते.

बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

कृष्णाकाठचा

@कालव्याकाठी जाऊबाईंचं पण लिहा की!

जुन्नरी

कुत्र्यांचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे बिबटे आहेत. उसातच वितात, तोडणीला पिल्लं सापडतात, माणिकडोहला निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. अंधारात एकट्याने पळायचं नाही, उसाला चिकटून पळायचं नाही, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावायची. आम्ही उजाडल्यावरच निघतो. ओतूर-माळशेज बाजूचा रस्ता पावसाळ्यात भारी, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसतं.

झब्बू

कुठली गाणी? लावणी की भावगीत?

जुन्नरी

त्याला न आवडणारी.

माणदेशी

निसर्गरम्य वगैरे आमच्याकडे काही नाही. बाभळी, माळ, वारा, आणि मेंढरं. पण ललिता बाबर आमच्या माण तालुक्यातली, मोहीची. २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या (अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची शर्यत) अंतिम फेरीत दहावी आली. त्याआधीच्या पात्रता फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम केला तेव्हा इकडे फटाके वाजले होते. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. अविनाश साबळे आष्टीचा, मांडव्याचा, तोही दुष्काळी पट्ट्यातलाच. शाळा सहा किलोमीटर, एसटी नाही, मग पोरगं काय करणार. त्याने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच स्टीपलचेसमध्ये केनियावाल्यांच्यात घुसून रौप्य आणलं, ८:११.२०. तुमच्या धबधब्यांच्या रस्त्यांवरून एवढे लोक निघालेत का सांगा.

नाशिककर

सावरपाड्याची कविता राऊत विसरलात! २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य. तिकडे हरसूलच्या बाजूला धबधबेही आहेत बरं का.

माणदेशी

बरं, एक मान्य.

कुत्र्यांचं राहिलं. मेंढपाळांची कुत्री वाड्यापाशी असली की पळत जायचं नाही. थांबायचं, चालायचं, मेंढक्याला लांबूनच हाक मारायची. गावातल्या कुत्र्यांना खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं की पुरतं. ह्यांना पुरत नाही, ती लांडग्यांसाठी पाळलेली असतात.

दिवाडकार

गोव्यातून कोणी नाही? मी लिहितो. दिवाडी बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोट, पायी माणसाला तिकीट नाही. उतरलात की दोन्ही बाजूंना खाजन (खाडीकाठची बांध घातलेली) शेतं, मधून सरळ सपाट रस्ता, बगळे. पियेदादच्या टेकडीवर इगर्जीपर्यंत (चर्च) चढलात की मांडवी खाली पसरलेली. सकाळी सायकलवर पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत येतो, गरम पोई (कोंड्याचा पाव) घ्या आणि बोटीत बसून खा. सावली कमी आहे, नऊनंतर जाऊ नका. ऑगस्टात बोंदेराच्या सणादिवशी तर मुळीच नको, पाय ठेवायला जागा नसते.

घंटानाद

गरम पोईसाठी मी पळायला लागेन.

डर्बीकर

इंग्लंडमध्ये आहे, डर्बीशायर. इथे शेतकऱ्याच्या खासगी शेतातून जायला कायद्याने पायवाटा आहेत, पिवळ्या बाणांच्या खुणा असतात. गव्हाच्या मधून पळत जा, कोणी हटकत नाही. माझे वडील आले होते तेव्हा त्यांना पटेना. "बांधावरनं जा, पीक तुडवू नको" म्हणून मागून ओरडत राहिले, आणि स्वतः पूर्ण शेताला वळसा घालून आले. धोका इथे गायींचा. वासरं बरोबर असली की अंगावर येतात, दरवर्षी लोक जखमी होतात. मेंढ्या मात्र बिचाऱ्या. चिखलासाठी खाचेदार तळव्याचे बूट लागतात, साधे घालून उतारावर गेलात की संपलं.

कालव्याकाठी

@डर्बीकर बाबा ग्रेट 😄

जाऊबाईंचं राहिलं होतं. त्या चपलेवर पळायच्या. बूट आणून दिले तर दिवाळीला घालते म्हणाल्या.

यवतेश्वरी

साखर कारखाना चालू असताना उसाच्या ट्रॉल्यांचं कुणी लिहिलं नाही? दोन ट्रॉल्या, पुढे एकच दिवा, मागे काहीच नाही. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असंच पळा. आणि हेडफोन घरी ठेवा.

पावसाळी

भंडारदऱ्याला जलाशयाला वळसा घालणारा रस्ता, रतनवाडीच्या अमृतेश्वराकडे. भातखाचरं, पाण्यात रतनगड. जूनच्या तोंडावर काजवे बघायला येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा रात्री-पहाटे नको. गुडघा दुखतोय त्यामुळे सध्या बंद. कोणाला कोणता लेप माहीत आहे का?

नाशिककर

लेप नको, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम करा. आणि एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

झब्बू

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायचं. गाव गप्प.

पाखाडीवाली

कोकणातून एवढंच: जून ते सप्टेंबर जांभ्याच्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांची वाट) पळू नका. शेवाळाने माणूस थेट खालच्या वाडीत जातो. गुहागरला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून पळा, ओली वाळू घट्ट असते, मैलोन्‌मैल कोणी नाही.

डर्बीकर

पाण्याची बाटली घेऊन पळता का तुम्ही लोक?

पाखाडीवाली

कशाला? कुणाच्याही पडवीत माग. पाण्याबरोबर गूळ येईल, मग चहा, मग "कुठल्या घरातली तू?" तिथून पुढे पळणं होत नाही, आधीच सांगते.