खटकणारे उच्चार किती सोडून द्यावेत?

धागाकर्ता:
अंध वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याच्या कामात मी काही वर्षांपासून आहे. वाचन इतर मंडळी करतात. मी हेडफोन लावून, पुस्तक समोर धरून, त्यांचे वाचन तपासतो. गेल्या आठवड्यात उत्तम, भरदार आवाजाच्या एका वाचकाने ‘जराजर्जर देह’ हे शब्द वाचताना ‘जरा’मधला ज ‘जागा’मधल्या ज-सारखा उच्चारला आणि म्हातारपणाने खंगलेला देह एकदम थोडासाच खंगलेला झाला. च, ज आणि झ यांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार आहेत, पण लिपीत अक्षर एकच आहे. पुस्तक हातात असणारा माणूस मनातल्या मनात उच्चार सुधारून घेतो. ज्याच्यापर्यंत केवळ आवाज पोहोचतो, त्याच्यासाठी मात्र उच्चार हाच शब्द असतो.

या कामामुळे माझा कान अधिक हळवा झाला आहे, हे मान्य करतो. ‘फूल’ आणि ‘फळ’ यांतला फ ओठ मिटून उच्चारायचा असतो. तो वरचे दात खालच्या ओठावर टेकवून ‘फ़ूल’, ‘फ़ळ’ असा उच्चारला जातो, तेव्हा माझे लक्ष वाक्यावरून उडते. ‘सहस्र’ आणि ‘स्रोत’ यांत त नाही, तरी ‘सहस्त्र’ आणि ‘स्त्रोत’ सर्रास ऐकू येतात. दुर् आणि अवस्था मिळून ‘दुरवस्था’ होते, पण व्यासपीठावर नेहमी ‘दुरावस्था’च असते. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘आणि’चे ‘आनि’ होणेही मला खटकते. घरात कोणी कसे बोलावे याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. परंतु जो चार लोकांसमोर बोलतो किंवा दुसऱ्यासाठी वाचतो, त्याने उच्चार तपासून घेतलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद १:
पूर्ण सहमत आहे. ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ यांचा गोंधळ या यादीत सर्वांत वर असायला हवा. ‘नागरिकांना शांतता राखण्याचे आव्हान करण्यात येत आहे’ हे वाक्य मी सार्वजनिक ध्वनिक्षेपकावरून स्वतः ऐकले आहे. विनंती करायची होती, प्रत्यक्षात ललकारी दिली गेली. हे चालवून घेतले, तर दोन वेगवेगळ्या अर्थांसाठी असलेले दोन शब्द आपण गमावून बसू.

प्रतिसाद २:
मी या मताच्या विरोधात आहे आणि धागाकर्त्यांनी दिलेल्या उदाहरणापासूनच सुरुवात करतो. ‘पाणी’ हा शब्द संस्कृतातील ‘पानीय’वरून आला आणि त्या मूळ शब्दात न आहे. महाराष्ट्री प्राकृतात न-चा सरसकट ण होत असे, इतका की ‘नगर’चे ‘णअर’ झाले. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो, तो ण स्वतःच एका उच्चारबदलातून आलेला आहे, आणि ज्याला अशुद्ध म्हणून हिणवतो तो ‘पानी’ मुळाच्या अधिक जवळ जातो.

प्रतिसाद १ यांचा ‘आव्हान’ हा शब्दही तपासून पाहा. मूळ शब्द ‘आह्वान’. आपण त्यातील ह आणि व यांची जागा बदलली. ‘जिह्वा’ची ‘जिव्हा’ आणि ‘चिह्न’चे ‘चिन्ह’ याच रीतीने झाले आणि आज तीच रूपे प्रमाण मानली जातात. ‘नुकसान’ला ‘नुस्कान’ म्हणणारा माणूस नेमके हेच करत असतो, पण त्याला आपण अडाणी ठरवतो. ‘ज्ञान’ हा शब्द आपण ‘द्न्यान’ असा उच्चारतो, हिंदीभाषक ‘ग्यान’ असा उच्चारतात, आणि ज् व ञ यांचा मूळ संयोग दोघांच्याही तोंडी राहिलेला नाही. मग चूक कोणाची? १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले, तेव्हा ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरील अनुस्वार उच्चारात नाहीत म्हणूनच काढून टाकले. लेखन उच्चाराच्या मागून आले, याचे स्वागत करणाऱ्यांनी बदलत्या उच्चारांवर चिडणे मला सुसंगत वाटत नाही.

प्रतिसाद १:
व्युत्पत्ती योग्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ‘आह्वान’ ह्वे म्हणजे हाक मारणे या धातूपासून आले आणि ‘आवाहन’ वह् या धातूपासून. ह आणि व यांनी जागा बदलल्या, तरी दोन्ही शब्द वेगळेच राहिले. आज ते एकमेकांत मिसळत आहेत आणि माझी तक्रार त्याविषयी आहे.

प्रतिसाद ३:
‘पानी’ आणि ‘आनि’ खटकतात, हे वाचून लिहावेसे वाटले, कारण मी त्या घरातून आले आहे जिथे ण हा वर्णच कानावर पडत नव्हता. सहावीत असताना धडा मोठ्याने वाचताना मी ‘आनि’ म्हणाले. बाईंनी मला तो शब्द वर्गासमोर दहा वेळा म्हणायला लावला आणि प्रत्येक वेळी ‘आनि’च आले. त्या दिवसापासून मी ण असलेले शब्द टाळू लागले. ‘आणि’ऐवजी ‘व’ म्हणायचे, ‘कारण’ऐवजी ‘का तर’ म्हणायचे. पाणी मागायचे असेल तर ‘तहान लागली आहे’ एवढेच म्हणायचे. शाळा संपेपर्यंत मी हे केले. उत्तर येत असूनही, त्यात ण आहे म्हणून मी हात वर केलेला नाही, असे अनेकदा घडले. आज मला ण नीट उच्चारता येतो, पण बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून पाहण्याची सवय अजूनही सुटलेली नाही.

माझ्या ‘आनि’चा अर्थ त्या वर्गातल्या एकाही मुलाला कळला नाही, असे झालेले नव्हते.

प्रतिसाद ४:
मी स्वतः पूर्ण अंध आहे आणि अशी ध्वनिमुद्रित पुस्तके रोज ऐकतो, म्हणून श्रोत्याची बाजू मांडतो. माझ्या फोनमधील यांत्रिक आवाज ‘माझा’मधला झ ‘माझी’सारखाच उच्चारतो आणि पाण्याचा जग व आपण राहतो ते जग यांत काहीच फरक करत नाही. त्याची मला सवय झाली आहे. संदर्भावरून शब्द लागतो. वाचकाने ‘पानी’ म्हटले, तर मला केवळ एवढेच कळते की वाचणारा माणूस आहे आणि तो कुठून तरी आला आहे. मला ते आवडते. पण ‘जराजर्जर’मध्ये झाले तसे झाले की मी फसतो, कारण चुकीच्या उच्चारातूनही अर्थपूर्ण शब्दच ऐकू येतो आणि मागे जाऊन पुन्हा ऐकावे, अशी शंकाही मनात येत नाही. अनोळखी शब्द असेल तर अडचण आणखी वाढते. ‘स्त्रोत’ हा शब्द मी अनेक वर्षे तसाच ऐकला, त्यामुळे ब्रेलमध्ये लिहितानाही त घालत आलो.

धागाकर्ता:
प्रतिसाद ३ वाचल्यानंतर मी ‘पाणी’ आणि ‘आणि’ माझ्या यादीतून काढून टाकतो; ते मी तिथे घालायला नको होते. न आणि ण यांसाठी यापुढे एकही पान पुन्हा वाचायला लावणार नाही. प्रतिसाद २ यांना एवढेच सांगतो की, भाषा बदलते हे मला ठाऊक आहे, पण आज संध्याकाळी ऐकणाऱ्या माणसाला आजचाच अर्थ पोहोचवावा लागतो. म्हणून ‘जरा’, ‘आवाहन’ आणि ‘स्रोत’ असतील ती पाने पुन्हा ध्वनिमुद्रित होतील. फ-विषयीचा आग्रहही मी सोडणार नाही.

प्रतिसाद ३:
‘फ़ळ’ या उच्चाराने दुसरा कोणताही मराठी शब्द तयार होत नाही आणि ऐकणारा फसतही नाही. मग माझा न ज्या न्यायाने सुटला, त्याच न्यायाने त्यांचा फ़ का सुटू नये, हे मला समजून घ्यायचे आहे.

धागाकर्ता:
प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. तो उच्चार मला सहन होत नाही, हे मात्र तितकेच खरे आहे.