गावच्या घरामागे बसायला पक्कं अंगण करायचंय, जांभा की पेव्हर की शहाबादी?

वाडीवरचा_पुणेकर
नमस्कार मंडळी. आमचं घर देवरूखजवळच्या एका वाडीत, जुनं, कौलारू, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं. आम्ही असतो पुण्याला पण आईबाबा मे महिना आणि गणपती ते दिवाळी तिकडेच. मागच्या दारी पडवीपुढे साधारण २० बाय १५ फूट मोकळी जागा आहे, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा. तिथे पक्कं करून घ्यायचं म्हणतोय, चार खुर्च्या, एक झोपाळा, संध्याकाळी चहा घेऊन बसता येईल असं. आईचं म्हणणं आमसुलं आणि फणसपोळी वाळत घालायलाही जागा पाहिजे. गवंडी म्हणतो पेव्हर (सिमेंटचे ब्लॉक) टाका आणि मोकळे व्हा, बाबांना जांभाच हवा, बायकोने इन्स्टावर बघून शहाबादी फरशी ठरवूनही टाकलीये. उजव्या कोपऱ्यात फणस आहे, डावीकडे दोन माड, आणि जागा थोडी घराकडे उतरती आहे. काय करावं?

खडी_मुरूम
दादा, महत्त्वाचं ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. जागा घराकडे उतरती आहे, मग वर काय लावायचं त्याचं भांडण नंतर करा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या त्या ३०० चौरस फुटांवर नुसतं आभाळातून ८० हजार लिटरच्या वर पाणी, आणि बहुतेक सगळं जून ते सप्टेंबर. कौलांवरून येणारं वेगळंच. आत्ता माती थोडंफार पिऊन घेते, पक्कं केलंत की सगळं थेट जोत्यावर येणार आणि मग मागच्या खोलीत ओल आली म्हणून परत इथेच विचाराल :)

उतार घरापासून लांब, पाच फुटाला एक इंच, म्हणजे १५ फुटाला तीन इंच. त्यासाठी पलीकडची बाजू खणून खाली घ्या. गवंडी म्हणेल खणायचं कशाला, घराकडे भर टाकू. अजिबात ऐकू नका, जोतं गाडलं जाईल. तयार अंगण जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा निदान सहा इंच खाली राहिलं पाहिजे. पलीकडे खणलं की तिथे छोटी दरड तयार होईल, तिला गडगा (दगड रचून केलेली बुटकी भिंत) घाला आणि गडग्याच्या पायथ्याशी चर काढून पाणी बाजूने बाहेर सोडा. शेजाऱ्याच्या परड्यात नको, कोकणात त्यावरून पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद असतं.

खालचं काम सांगतो. वरची मुळांची माती पूर्ण काढायची. मग सहा इंच मुरूम, पण एकदम नाही, तीन-तीन इंचाचे दोन थर, पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. हिशोबाने दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो पण दाबल्यावर बसतो म्हणून दोन ब्रास मागवा. त्यावर इंच-सव्वा इंच ग्रिट, म्हणजे बारीक खडी. पेव्हर घेतलात तर माणसांच्या वावराला ६० एमएम पुरतो, कधी गाडी आत घेणार असाल तर ८०. आणि चारी बाजूंनी कर्ब, म्हणजे कडेचा बांध, पक्का हवा, नाहीतर कडेचे ब्लॉक सरकतात आणि मागोमाग सगळेच सुटे होतात.

आगरातली
वरच्यांनी पाण्याचं बरोबर सांगितलंय. मी फक्त आईंच्या बाजूने लिहिते. शहाबादी काय किंवा कोटा काय, दोन्ही चुनखडीचे दगड. कोकमाचं आगळ सांडलं की डाग तर पडतोच पण आंबटाने दगड खरवडल्यासारखा होतो, तिथली चकाकी गेली ती गेली. शेवाळ काढायला ॲसिड ओततात त्यानेही तेच होतं. शहाबादी घ्यायचीच असेल तर पॉलिश नको, खरखरीत घ्या आणि आमसुलांना खाली बांबूच्या तट्ट्या घाला.

जांभा दिसायला सुंदर, पण श्रावणात हिरवागार होतो आणि असा बुळबुळीत की विचारू नका. नेमके गणपतीला तुमचे आईबाबा तिथे असणार. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायला कोणीतरी लागेल, ते कोण करणार ते आधी ठरवा.

अजून एक, पागोळ्या पडतात त्या रेषेत फरशी लावू नका. फूट-दीड फूट पट्टा खडीचा ठेवा, नाहीतर शिंतोडे उडून भिंत गुडघाभर लाल होते. किंवा पन्हळ बसवा. फणसाच्या बुंध्याभोवती चांगली ऐसपैस जागा मोकळी सोडा, त्याची मुळं फरशी उचलतात. आणि झोपाळा माडाखाली नाही ना टाकत? नारळ सांगून पडत नाही.

जुनं_ते_जुनं
कशाला पाहिजे ते पक्कं? आमच्याकडे दिवाळीनंतर खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून शेणाने सारवतात, वर मांडव घालतात. उन्हात पाय भाजत नाहीत. पेव्हरवर एप्रिलात दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा. अर्थात दर वर्षी करायला घरात माणसं लागतात, ती आता कुठे आहेत म्हणा.

वाडीवरचा_पुणेकर
सगळ्यांना धन्यवाद, उताराचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. बाबांना पेव्हरचा विषयच नकोय, तर जांभ्याचं जमण्यासारखं आहे का? आणि हे सगळं या मे महिन्यात उरकेल ना?

खडी_मुरूम
जमेल. अख्खा चिरा नको, मशीनवर कापलेल्या दोन इंची लाद्या मिळतात त्या घ्या. खाणीवर स्वतः जाऊन बघा, हातात जड लागणारा, ठोकल्यावर खणखणीत वाजणारा. नखाने पिवळी माती निघते तो घेऊ नका, दोन पावसात झिजेल. सांध्यात सिमेंट भरू नका, ग्रिटच भरा, पाणी थोडं मुरतं आणि एखादी लादी बसली तर उचलून परत लावता येते.

मे मध्ये सगळं उरकायची घाई नको. या मे मध्ये खणणं, गडगा, चर आणि मुरूम एवढंच करा आणि एक पावसाळा तसंच सोडा. थोडा मुरूम वाहील, तो परत भरता येतो, पण भर बसायची ती बसून जाईल. गणपतीत बाबांना जोराच्या सरीत छत्री घेऊन मागच्या दारी उभं राहून व्हिडिओ काढायला सांगा, पाणी कुठे थांबतंय ते तुम्हाला पुण्यात बसून दिसेल. लाद्या डिसेंबरात.

आगरातली
एक राहिलं. संडासच्या टाकीचं झाकण त्या जागेत येत नाही ना?

वाडीवरचा_पुणेकर
येतंय. बरोब्बर झोपाळा टाकायचाय तिथेच.

खडी_मुरूम
मग झाकणाची चौकट लादीच्या लेव्हलला आणून घ्या, वर लादी पक्की चिकटवू नका, टाकी उपसायची वेळ आली की फोडावी लागेल. आणि झोपाळा फणसाकडे न्या.