उताराच्या वरकस जमिनीत नाचणीसोबत कोणती झाडे लावावीत?

मुळशीकर: मी पुण्यात नोकरी करतो, मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात आमची दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे. वरच्या अंगाला उघडा मुरूम, मध्ये नाचणी-वरईचे जुने तुकडे आणि तळाला भातखाचरे आहेत. नाचणी पुन्हा सुरू करायची आहे. परंतु पावसाळ्याच्या आरंभीच माती खाचरांत उतरते. रोपवाटिकेत सर्वत्र साग लावण्याचा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

बांधकरी: माझ्या मते नाही. उथळ मुरमावर साग खुरटतो, शिवाय त्याच्या रुंद पानांवरून पडणारे टपोरे थेंब खालची उघडी माती उकरतात. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध हवे, तेच बळावते. आधी बांधांवर आपोआप काय उगवले आहे ते पाहावे. ऐन, हिरडा, जांभूळ यांचे तोडलेले बुंधे असतील, तर प्रत्येकाचे एक-दोन जोमदार धुमारे राखून बाकीचे छाटावेत. मुळे तयार असल्याने ते नव्या रोपापेक्षा लवकर वाढतात, आणि ऐनाचा टाहाळ, म्हणजे पालेदार फांद्या, राबासाठी (भाताची रोपे टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी) आपल्याला लागतोच. नाचणीच्या बांधांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावावे. हे शेंगवर्गीय झाड असल्याने पाल्यात नत्र भरपूर असते, आणि भातलावणीच्या आधी तो छाटून चिखलात गाडला की खतही होते व पिकावरची सावलीही हटते. मात्र उतारावर ते बियांपासून वाढवावे. फाटे खोचून लावलेल्या झाडाची मुळे उथळ राहतात.

वेल्ह्याची लेक: ओहोळाच्या काठाला, खाचरांपासून अंतर राखून, माणगा बांबू लावता येईल, त्याला काटे नसतात आणि काठी भरीव असते. खासगी जमिनीतील बांबू 2017 पासून भारतीय वन अधिनियमानुसार वृक्ष मानला जात नाही. साग, ऐन, हिरडा मात्र स्वतःच्या शेतातूनही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. आणि दिवाळीनंतर गवत कापून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढण्यात हयगय करू नये. आमची आंब्याची सगळी कलमे फाल्गुनातल्या एका दुपारी वणव्यात गेली.

मुळशीकर: दोघांचाही आभारी आहे. रविवारी जाऊन पाहिले, तर वरच्या बांधावर ऐनाचे अकरा आणि हिरड्याचे दोन बुंधे सापडले. इतकी वर्षे आम्ही त्यांना झुडपे समजून सरपणासाठी तोडत होतो. सागाची रोपे घेण्याचा विचार सोडला आहे.