संकल्प दिन, सभा, मोर्चे, अर्ज : बडोद्यात हे सगळं नीट कसं करतात? माहीत असलेलं लिहा

दांडियाबाजारकर
माळा आवरताना मांजरपाटाची गुंडाळी निघाली. उलगडली तर जुना फलक : 'सक्तीचं शिक्षण, १९०६'. रंग अजून टवटवीत, फक्त एक काना गेलाय. २३ सप्टेंबर, संकल्प दिन, जवळ आला. कमाटी बागेत गर्दी होईल, फॅकल्ट्यांमधली पोरं पहिल्यांदाच फलक रंगवतील, पहिल्यांदाच परवानगीला धावतील. दर वर्षी त्याच चुका होतात. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते इथे लिहा. भाषणं नकोत, कृती सांगा.

सुरुवात मी करतो. फलकावरच्या तारखा आधी तपासा. बाबासाहेबांना सयाजीरावांची शिष्यवृत्ती १९१३ मध्ये, कोलंबियाची एम.ए. १९१५ मध्ये, बडोद्यात नोकरी आणि कमाटी बागेतला अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प सप्टेंबर १९१७ मध्ये. सक्तीचं शिक्षण १८९३ ला अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात. ही दोन सालं लोक हमखास एकात एक मिसळतात.

रंगारी_पुष्पबाग
काना गेला कारण खळ धुतली नव्हती, पैज लावतो 😄

कोऱ्या मांजरपाटात खळ असते, रंग वरच्यावर बसतो आणि पोपडा धरतो. कापड रात्रभर भिजवा, पिळा, वाळवा, इस्त्री करा. पोस्टर कलर एकटा लावू नका, पहिल्याच सरीत ओघळतो. चार भाग रंगाला एक भाग फेविकॉल आणि पाणी अगदी चमचाभर. ऑइल पेंट पावसाला टिकतो, पण घडीवर तडकतो, म्हणून असा फलक गुंडाळायचा, घडी नाही घालायची.

अक्षराचा हिशेब : दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंची. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे साधारण पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच. पण हे मूळ अक्षराचं माप. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतकी जागा मोकळी ठेवा. शिरोरेघ आधी दोरीला खडू लावून छापा, मग अक्षरं टांगा. उलटं केलं की ओळ घसरगुंडीसारखी उतरते. आणि एका फलकावर सात शब्दांच्या वर नको. चालत्या फलकावरचा निबंध कुणी वाचत नाही.

मांडवीचा मन्या
रंगारीभाऊ, वारा आरपार जावा म्हणून कापडात अर्धचंद्र कापतात ते?

रंगारी_पुष्पबाग
@मन्या कापा, पण भरवसा ठेवू नका. खरं काम बांबूचं. दोन्ही बाजूंना चार इंचांची दुमडून शिवलेली नळी, त्यात बांबू, आणि वर-खाली बांबूला दोरीने बांध. नुसता ठोकलेला खिळा कापड फाडतो. धरणाऱ्यांनी बांबू ताणून चालायचं नाही, थोडी ढील ठेवायची.

भोंगेवाला
परवानगीशिवाय भोंगा लावू नका, एवढंच आधी. २००० सालच्या ध्वनी नियमांनी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी. शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. म्हणजे आपल्या गावात फॅकल्टीच्या दारात उभं राहून भोंगा लावायचा म्हटलं तर जागाच उरत नाही. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, रहिवासी भागात ५५. माणसं नुसती गप्पा मारायला लागली तरी आवाज ५० च्या वर जातो, म्हणून सभेची जागा ठरवतानाच अंतर पायांनी मोजून या.

दीडशे माणसांच्या सभेला ६० वॉटचा अँप्लिफायर, दोन कॉलम (उभे स्पीकर) आणि १२ व्होल्टची बॅटरी भरपूर. जनरेटर आणू नका, त्याचाच आवाज सभा खातो. कॉलम वक्त्याच्या पुढे, कधीच मागे नाही. माइक कॉलमकडे तोंड करून धरला की शिट्टी मारतो. मग सगळे आवाज कमी करायला सांगतात, मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि दोष भोंगेवाल्याला. माइक हनुवटीखाली चार बोटांवर. दोन माइक न्या. एकाची वायर मुळाशी तुटलेली असतेच.

फतेहगंजची
अर्जाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. घाईत लिहितेय, कुकर लागलाय.

पोलिसांकडे अर्ज किमान आठ-दहा दिवस आधी. त्यात हवं : आयोजक दोघा-तिघांची नावं-फोन, तारीख, सुरू आणि संपायची वेळ, जागा किंवा पूर्ण मार्ग (कुठे वळणार तेसुद्धा), अंदाजे माणसं, वाहनं, भोंगा हो-नाही. चार प्रती. आपल्या प्रतीवर इनवर्डचा (आवक नोंदीचा) शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. "उद्या बघू" म्हणाले तरी शिक्का आज.

बागेत असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी, विद्यापीठाच्या आवारात असेल तर डीनची वेगळी. एकीवर दुसरी चालत नाही. आणि जमावबंदीचा जाहेरनामा चालू आहे का ते विचारून घ्या. पूर्वीचं कलम १४४ आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ आहे. जुना नमुना उतरवून काढला की तोच आकडा राहतो आणि साहेबांना हसायला विषय मिळतो.

दांडियाबाजारकर
@फतेहगंजची ताई, शिट्ट्या किती झाल्या?

फतेहगंजची
सात 😭 डाळ गेली

मांडवीचा मन्या
मार्गावर एक भर. पाचशे माणसं चार-चारच्या रांगेत, ओळींत एक मीटर अंतर, तर मोर्चा १२५ मीटर लांब होतो. एका सिग्नलमध्ये तेवढा मोर्चा चौक ओलांडत नाही, मधोमध तुटतो, शेपूट मागे राहते आणि गाड्या आत घुसतात. म्हणून दर वीस-पंचवीस माणसांमागे एक कार्यकर्ता, शेवटच्या ओळीत दोघं, आणि चौकात थांबायला चौघं वेगळे. पुढे तरण्या पोरांना नको, वयस्क आणि लेकरंवाल्या बायका पुढे ठेवा. वेग त्यांचा धरला की मागे धावपळ होत नाही. एका बाजूने ॲम्ब्युलन्स जाईल एवढी जागा. पाण्याला शंभर माणसांमागे वीस लिटरचे तीन जार, सप्टेंबरचा उकाडा आहे.

आणि सप्टेंबर म्हणजे विश्वामित्री नदीचं पाणी. काळ्या घोड्याच्या पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी. त्याआधीच पूल बंद होऊ शकतो. मार्ग काळ्या घोड्यावरून असेल तर दुसरा मार्ग अर्जात आधीच लिहा, ऐनवेळी बदल मान्य होत नाही.

वाडीकर काका
पूल बंद नसला तरी मोर्चा तिथे थांबतोच, अर्धे जण कठड्यावरून मगर बघतात.

मांडवीचा मन्या
काका 😂 कार्यकर्ता पुलावर एक जास्तीचा, 'मगर विभाग'

आवकनो_दाखलो
मोर्चा एका दिवसाचा. त्याच दिवशी बाजूला एक टेबल टाकून शिष्यवृत्तीचे कागद तपासले तर वर्षभर उपयोग. त्या टेबलावर काय काय अडतं ते लिहितो, लांबेल.

१) नाव. आपल्या मराठी घरांत हे सगळ्यात जास्त. शाळेच्या दाखल्यावर वडील 'प्रकाशराव', आधारवर 'प्रकाशभाई', बँकेत नुसतं 'प्रकाश', आणि आडनाव एकीकडे आधी, एकीकडे शेवटी. संगणकाला ही तीन माणसं दिसतात. शाळेचा दाखला मूळ धरा, बाकी सगळं त्याला जुळवा. उलटं करू नका, दाखला बदलणं सगळ्यात अवघड.

२) बँक. आधार खात्याला 'लिंक' असणं आणि 'सीडिंग' असणं वेगळं. सरकारी पैसा ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं तिथे जातो. पोरं अर्जात एक खातं लिहितात आणि पैसे तिसऱ्याच, कधीकाळी मोबाइलसोबत उघडलेल्या खात्यात पडतात. "आले नाहीत" म्हणणाऱ्याला आधी सीडिंगची स्थिती बघायला लावा.

३) जातीचा दाखला. यात खरी मेख आहे. महाराष्ट्रात काढलेल्या दाखल्यावर गुजरात राज्याचं आरक्षण मिळत नाही. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी नाही. कुटुंब इथलं धरलं जायला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांना वाडवडील इथे राहत होते हे दाखवावं लागतं. म्हणून आजोबा-पणजोबांचा संस्थानी शाळेतला दाखला, नोकरीचा कागद, घराची जुनी नोंद शोधा. संस्थानात शाळा लवकर निघाल्या, त्यामुळे आपल्याकडे असे कागद निघण्याची शक्यता बरी आहे. ट्रंक फेकू नका, दांडियाबाजारकर!

४) उत्पन्न. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. दाखल्याची मुदत संपलीय का ते आधी बघा, नवा काढायला रांग असते आणि अर्जाची शेवटची तारीख रांगेसाठी थांबत नाही.

टेबलावर लागतं : झेरॉक्सवाला पन्नास पावलांत, स्टेपलर, दोन चार्जर, एक वही. वहीत नाव, काय अडलं, पुन्हा कधी यायचं. वही नसेल तर टेबलाचा उपयोग फक्त फोटोला.

नवखी_समा
धन्यवाद दादा. नवबौद्ध असेल तर? दाखल्यावर धर्म बौद्ध आहे.

आवकनो_दाखलो
@नवखी_समा १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही अनुसूचित जातीत धरले जातात. दाखल्यावर मूळ जात लिहिलेली हवी, नुसतं 'बौद्ध' असेल तर अडेल.

वकीलकाकू
माहिती अधिकारावर थोडं. गुजरातमध्ये अर्ज फी २० रुपये (केंद्राच्या कार्यालयांना १०). दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. आणि हे लक्षात ठेवा : अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. म्हणजे इथे गुजराती. मराठीत सुरेख अर्ज लिहिलात तर तो परत येईल.

'का' विचारू नका. "रस्ता का केला नाही" याला उत्तर येतं "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही". त्याऐवजी : "अमुक वॉर्डातल्या अमुक रस्त्याच्या कामाच्या वर्क ऑर्डरची, मेजरमेंट बुकाची आणि शेवटच्या बिलाची प्रत द्या". अस्तित्वात असलेला कागद मागायचा. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे. चुकीच्या खात्याकडे गेला तर त्यांनीच ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. का माहिती हवी ते सांगायची गरज नाही, विचारलं तरी नाही.

ॲट्रॉसिटीच्या तक्रारीत तीन गोष्टी हमखास राहतात. जातीवरून काय शब्द बोलले ते जसेच्या तसे, घाण वाटली तरी. "जातिवाचक बोलला" एवढ्याने भागत नाही. कुठे बोलला आणि तिथे आणखी कोण होतं, कारण अपमानाच्या कलमाला लोकांच्या देखत घडलेलं लागतं, चार भिंतींत दोघांत घडलेलं टिकत नाही. आणि पीडिताचा जातीचा दाखला. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी करतो. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, मागून घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन. बायका, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

लारीवाला_सयाजीगंज
काकू लारी (हातगाडी) उचलली तर

वकीलकाकू
@लारीवाला २०१४ च्या फेरीवाला कायद्याने हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यावीच लागते, ती सही-शिक्क्याची घ्या. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. यादी नसेल तर काय परत मागणार? तेवढ्यासाठी रोज सकाळी लारीचा एक फोटो काढून ठेवा, मालासकट.

वाडीकर काका
गटारात माणूस उतरवला जातो त्याबद्दल कुणी बोलत नाही. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई ३० लाख केली. सोसायटीने खासगी माणूस बोलावून उतरवला तरी जबाबदारी सुटत नाही. प्रत्येक सोसायटीच्या फलकावर १४४२० लिहा, मशिनसाठी तिथे फोन करायचा.

नवखी_समा
हे खरंच लावते आमच्या गेटवर. बाय द वे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) शाळा प्रवेशाचं वय कितीचं? भाचीचं बघायचंय.

आवकनो_दाखलो
१ जूनला सहा पूर्ण. २५ टक्के जागा, पहिलीत. वेगळा धागा काढा, इथे वाहून जाईल.

मांडवीचा मन्या
२३ ला सकाळी शेव उसळ खाऊन निघणारे कोण कोण?

भोंगेवाला
तर्री (तिखट रस्सा) कमी घालायला सांग. गेल्या वेळी पहिला वक्ता माइकसमोर अर्धा तास उचक्या देत होता.

रंगारी_पुष्पबाग
दांडियाबाजारकर, तो जुना फलक धुवू नका. काना मी भरून देतो. रंग जुळवायला उन्हात आणून दाखवा, ट्यूबलाइटखाली कळत नाही.

दांडियाबाजारकर
आणतो रविवारी. बांबू तुमच्याकडे आहेत ना दोन?

रंगारी_पुष्पबाग
एक आहे. दुसरा मन्याने गणपतीला नेलाय.

मांडवीचा मन्या
आणून देतो 🙏